घोट्याइतकं पाणी

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी बसने अचानक ब्रेक लावला आणि माझं कपाळ खिडकीच्या दांडीवर आपटलं. नेहमीचा रस्ता पाण्याच्या नळांसाठी खणून ठेवलेला होता, म्हणून त्या आठवड्यात बस बाच्वित्से किनाऱ्याच्या वरून, समुद्राच्या कडेने जात होती. समोरून मांजर आडवं गेलं असेल किंवा स्कूटर. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. मी कपाळ चोळत बाहेर पाहिलं. खाली उथळ पाण्यात पाच माणसं पित्सिगीन हा चेंडूचा खेळ खेळत होती, जानेवारीत, उघड्या अंगाने. त्यात नवल काही नव्हतं. आमच्या स्प्लित शहरात भर थंडीतही तिथे कुणी ना कुणी असतंच. त्यांतला एक म्हातारा चेंडूमागे धावला, पाण्याला समांतर असा हवेत आडवा झाला, तळहाताने चेंडू वर उडवला आणि पोटावर आपटला. उठला तेव्हा त्याच्या तोंडातून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. काचेतून आवाज येत नव्हता, पण असलं हसणं ऐकू यावं लागत नाही. खांदे, पोट, गुडघे सगळंच हसतं. मला बरं वाटलं. किती सुखी माणूस, असं मनात आलं, अगदी ह्याच शब्दांत. मग त्याने डावा खांदा झटकला, गोदीत बत्तीस वर्षं वेल्डिंग केलेली माणसं झटकतात तसा, आणि तो माझा बाप होता.

मी विज्ञान शिकले आहे. गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या ते लक्षात ठेवायची मला सवय आहे. आधी कपाळाला लागलं. मग बरं वाटलं. मग ओळख पटली. मग राग आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत फार तर दोन सेकंदांचं अंतर असेल. बस सुटली, वळणाआड पाणी दिसेनासं झालं, आणि पुढचे चार थांबे मी त्या दोन सेकंदांचाच विचार करत बसले. नंतरचं सगळं सरळ होतं. आई जाऊन सहा महिने आणि सहा दिवस झाले होते, घरात वर्षाचा दुखवटा होता, मी काळा स्वेटर घालून कामाला निघाले होते आणि माझा बाप चड्डीवर समुद्रात उड्या मारत होता. राग यायलाच हवा होता. पण आधीच्या दोन सेकंदांचं काय करायचं? तेव्हा तो कुणाचा कोण हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे पूर्वग्रहाशिवाय घेतलेलं मोजमाप म्हणायचं तर तेच. मी एक सुखी माणूस पाहिला आणि त्याच्या सुखाने मला बरं वाटलं. ओळख पटल्याबरोबर तेच सुख गुन्हा झालं. वस्तू तीच होती, वरची चिठ्ठी तेवढी बदलली.

माझं काम समुद्राची पातळी मोजण्याचं. धक्क्याच्या टोकाला एक दगडी खोली आहे, तिच्यात विहिरीसारखा खड्डा. तळाच्या लहानशा भोकातून समुद्राचं पाणी आत येतं आणि त्यावर तरंगणारा गोळा पाणी किती चढलं, किती उतरलं ते दाखवतो. भोक मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, म्हणजे लाटांची खळबळ आत येत नाही. मग त्या चढउतारातून चंद्रामुळे किती, सूर्यामुळे किती, वाऱ्यामुळे किती, हवेच्या दाबामुळे किती, हे मी वेगळं काढते. दाब वाढला की समुद्र खाली बसतो. दक्षिणेचा दमट वारा सुटला की तो वर येतो, आणि शहरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. आमचा समुद्र तसा आळशी आहे, दिवसभरात वीतभर हलतो. पण ती वीतभर हालचाल मला फार आवडते. कुणी विचारलं तर मी तासभर सांगू शकते, म्हणूनच कुणी विचारत नाही. आईने कधी विचारलं नाही. बाबानेही नाही, एकवीस सप्टेंबरपर्यंत.

त्या दिवशी संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि मग तो म्हणाला, "उद्या समुद्र किती असेल गं, सकाळी नऊच्या सुमाराला?" मला भरून आलं. त्या दिवसांत आम्हाला एकमेकांशी बोलता येत नसे. जेवलास का म्हटलं की डोळ्यांपुढे दोन खुर्च्यांचं टेबल येई, झोप लागली का म्हटलं की पलंगाची रिकामी बाजू. प्रत्येक वाक्य कुठून ना कुठून आईपाशी जाऊन थांबायचं. समुद्राच्या पातळीत मात्र आई कुठे नव्हती. म्हातारा बिचारा माझ्याशी बोलता यावं म्हणून विषय शोधून आला आहे, असं मला वाटलं. "सरासरीपेक्षा अकरा सेंटिमीटर खाली," मी म्हटलं. "अकरा," तो म्हणाला, लिहून घेतल्यासारखा. त्यानंतर दर संध्याकाळी. मी हवेच्या दाबाचे नकाशे आधीच बघून ठेवू लागले. त्याला चुकीचा आकडा जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचे. इतर मुली बापाला डबा नेऊन देतात, तशी मी माझ्या बापाला सेंटिमीटर देत होते. आणि मंगळवारी, त्या खोलीत गोळ्यासमोर उभी असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पित्सिगीनला पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली लागतं. जास्त झालं तर धावता येत नाही, कमी झालं तर पडताना हाडं शेकून निघतात. चार महिने मी पाच म्हाताऱ्यांना खेळासाठी पाणी मोजून देत होते. हसू यायला हवं होतं. आलं नाही. फसवल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यांत वाईट हे की नेमकं कुणी फसवलं ते सांगता येईना. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने समुद्र विचारला होता, मी समुद्र सांगितला होता. दुःख मी माझ्या पदरचं घातलं होतं.

हा खेळ बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड जातं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. केस तासून काढलेला टेनिसचा चेंडू. पाच जण गोलात. चेंडू पाण्यात पडू द्यायचा नाही. पडला तर पुन्हा उचलायचा. गुण नाहीत, बाजू नाहीत, हरणं-जिंकणं नाही, वेळ संपली म्हणून शिट्टी नाही. कुणाला भूक लागली की खेळ संपतो. आई म्हणायची, पाच थोर पुरुष आणि एक सोललेलं अंडं. ती कधी खेळ बघत नसे. भिंतीला टेकून, समुद्राकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड करून बसायची, मांडीवर संत्र्यांची पिशवी. मागे नुसत्या आरोळ्या ऐकून तिला कळायचं. "पडला," ती म्हणायची, मान न वळवता, आणि खरंच चेंडू पडलेला असायचा. मग बाबा थरथरत वर यायचा. त्याचे हात खारट, म्हणून ती फोड त्याच्या तोंडात घालायची, एकेक, आणि माझ्याशी शाळेच्या गोष्टी बोलत राहायची, जणू तिचा हात तिथे दुसऱ्याच कामाला गेला आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. ती दोघं सुखी होती का, हे तेव्हा मी विचारलं नाही, आणि आता विचारते तर हाताशी एवढंच लागतं: संत्र्याची फोड आणि खारट ओठ. ह्याला पुरावा म्हणत नाहीत. तिच्या आजारपणाचे अकरा महिने तो पाण्याकडे फिरकला नाही. अंड्यांच्या ट्रेमध्ये तिच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून ठेवायचा. कधी कधी ती झोपलेली असताना खिडकीशी उभा राहायचा, आणि खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

बुधवारी दुपारी पेरिनामावशी माझ्याकडे आली. आईची, कातित्साची, थोरली बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला तेव्हा तिने काळे कपडे घातले ते अजून उतरवलेले नाहीत. डोक्याचा काळा रुमाल तर तिच्या हाडांचा भाग झाला आहे. तिने स्वयंपाकघरात खुर्ची ओढली, कॉफीला नको म्हटलं, आणि मी कॉफी ठेवलेली बघून बसली.

"मासळीबाजारात ती लोलिया मला विचारते, तुमच्या श्पिरोला आता बरं आहे ना? म्हटलं, त्याला काय झालं होतं? म्हणते, नाही, रोज सकाळी उड्या मारताना दिसतो म्हणून म्हटलं. हातातली मासळी तिथेच टाकावीशी वाटली मला."

"टाकलीस?"

"पैसे दिले होते." तिने कॉफीत साखर घातली. "तुला माहीत होतं?"

"कालपासून."

"कालपासून. आणि गप्प आहेस. तुझी आई तिकडे सहा महिने जमिनीखाली, अन् हा इकडे लंगोटीवर. वर्ष भरू दे म्हणावं. एक वर्ष. फार मागतेय का मी? वर्षानंतर झाडावर चढ, छपरावरून उडी मार, कुणी बघायला येणार नाही."

"त्याला बरं वाटतं मावशी."

"मला नाही वाटत बरं? मला टीव्हीवर गाणं लागलं की बरं वाटतं. मी बंद करते." तिने कप खाली ठेवला. "माझं तो ऐकायचा नाही. मी बोलले तर दात काढेल. तुझं ऐकेल. तू एकदा नको म्हण, बस."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि तीच पंचाईत होती. मी नको म्हटलं तर तो त्याच दिवशी थांबला असता. कुरकूर न करता, कारण न विचारता. मी नऊ वर्षांची असताना शाळेत आम्हाला काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र दाखवलं होतं. घरी येऊन मी म्हटलं, बाबा, नको. त्याने हातातली सिगारेट विझवली, पाकीट मित्राला, बेपोला, देऊन टाकलं आणि पुन्हा कधी ओढली नाही. माझ्या चांगुलपणाची ही गोष्ट आई सगळ्यांना सांगायची. पण त्या दिवसानंतर तो बाल्कनीतही जाईनासा झाला, हे मात्र कुणी सांगत नाही. आधी रोज संध्याकाळी तो तिथे उभा असायचा, कठड्यावर कोपर टेकून, खालच्या माणसांशी काहीबाही बोलत. त्याची मान तेव्हा सैल असायची. सिगारेट गेली तशी बाल्कनीही गेली. तिथे आईने कांदे ठेवले. फुप्फुसं वाचली हे खरंच, आणि मी आजही तेच म्हणेन. पण एका शब्दाने मी त्याच्या दोन वस्तू काढून घेतल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचं मला नावही ठाऊक नव्हतं. आता पुन्हा तोच शब्द माझ्या तोंडात आणून ठेवला होता. मावशी गेल्यावर कप धुताना तो शब्द मी मनातल्या मनात म्हणून पाहिला. फार सोपा होता.

गुरुवार-शुक्रवार मी विचार करत होते असं म्हणणं बरोबर होणार नाही. विचार माझ्यात ये-जा करत होते आणि मी पातळ्या नोंदवत होते. संध्याकाळी त्याचा फोन आला, मी आकडा सांगितला, त्याने धन्यवाद दिले. माझ्या आवाजात काही असेल तर त्याने ते ऐकलं नाही. मला चार जानेवारीची आठवण येत राहिली. त्या दिवशी सकाळी समुद्र दर वीस-बावीस मिनिटांनी किंचित वर-खाली होत होता, न भरती न लाटा, सगळं बंदर बशीतल्या पाण्यासारखं डुलत होतं. फार सुंदर आलेख आला. मी दोन तास त्याच्यापुढे बसून होते, डबा उघडायचा राहिला, आणि दुपारी एक वाजता लक्षात आलं की सकाळपासून आईची आठवण आलेली नाही. त्या दोन तासांत मी सुखी होते, हे मला ती वेळ संपल्यावर कळलं. आणि कळल्याबरोबर मी शिक्षा केली: घरी जाऊन तिच्या फोनवरचे जुने निरोप ऐकले, सगळे, रडू येईपर्यंत, आणि रडू आलं तेव्हा हायसं वाटलं, पुन्हा जागेवर आल्यासारखं. बाबाने असं काही केलं असेल का? पाण्यातून बाहेर येऊन? माझा समज असा होता की दुःख हे प्रेमाचं माप आहे. गोळा जितका खाली, तितकं प्रेम खोल. पण समुद्रावर एकाच वेळी चंद्राचं ओढणं असतं, सूर्याचं असतं, वाऱ्याचं असतं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही, सगळी एकमेकांवर चढून येतात आणि आपल्याला दिसते ती नुसती बेरीज. ही उपमा मला सुचली आणि लगेच संशय आला. समुद्राला आई नसते. सोयीची उपमा सापडली की प्रश्न सुटला असं वाटतं, आणि तो फक्त देखणा झालेला असतो.

शनिवारी सकाळी मी बाच्वित्सेला गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि मोजून चार वाक्यं होती: मी तुला पाहिलं. मला राग आला. मावशीला वाईट वाटतंय. वर्षभर नको. ऊन स्वच्छ होतं, डोंगरावरून कोरडा वारा उतरत होता, पाणी काचेसारखं होतं आणि बारा पूर्णांक आठ अंश. ते चार जणच होते. बाबाने मला पायऱ्यांवर पाहिलं आणि तो तिथल्या तिथे थांबला. त्याच्याकडे आलेला चेंडू त्याच्या छातीला लागून पाण्यात पडला. शाळा बुडवलेला मुलगा दिसतो तसा दिसत होता, फक्त सदुसष्ट वर्षांचा. त्याच्या पोटाभोवती कातडी सैल झाली होती. माझ्या लक्षात आलं की त्याला उघड्या अंगाने इतक्या जवळून मी गेल्या वर्षात पाहिलंच नव्हतं.

"अरे, आली बघा," बेपो ओरडला. बेपोकाका बोटीवर तिकिटं फाडायचा, त्याचा आवाज अजून बोटीच्या मापाचाच आहे. "समुद्राची मास्तरीणबाई. तुझ्याशी भांडण आहे माझं. मंगळवारी तू वजा नऊ सांगितलंस, होते वजा बारा. हा गुडघा बघ."

"दाब रात्रीत वाढला," मी म्हटलं. मला शरम वाटली. खरोखरच तीन सेंटिमीटर चुकले होते. "तुम्हाला कसं कळलं बारा होते ते?"

"गुडघ्याला कळलं."

"ती कामाने आली आहे," बाबा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "जरा थांबा तुम्ही."

"काम कुठे पळून जातंय? आमच्या पाचव्या गड्याच्या, येरेच्या नातीचं आज नाव ठेवताहेत चर्चमध्ये, आम्ही चारच आहोत. चौघांत मजा नाही, मध्ये भोक राहतं. विंका, बूट काढ. तुला धावायचं नाही, तू नांगर. एका जागी उभी राहा आणि येईल तो वर मार. समुद्र सांगणारीला समुद्रात उभं राहता येत नाही होय?"

मी नाही म्हणणार होते. ह्या ठिकाणी मी नेमकं काय केलं हे नीट सांगायचं आहे, कारण नंतर ते निर्णयासारखं दिसेल आणि तो निर्णय नव्हता. मी बूट काढले कारण चार म्हातारे थंडीत उभे राहून वाट बघत होते. मोजे बुटात कोंबले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, कोट भिंतीवर ठेवला. पहिल्या पावलाला पाणी चावलं, दुसऱ्याला पाय माझे राहिले नाहीत. वाळू घट्ट होती, पाणी नडगीच्या मध्यावर. बेपोने चेंडू टाकला. माझ्या तळहातावर तो आपटला तेव्हा टक् असा कोरडा आवाज झाला, आणि तो उडाला, वेडावाकडा, आणि दुसऱ्या कुणीतरी तो घेतला. मग पुन्हा आला. मी मोजायला लागले. माझा इलाज नसतो. सात, आठ, नऊ.

"कोण मोजतंय?" बेपो म्हणाला.

"मी."

"मोजू नकोस गं. आज वीस झाले की उद्या पंचवीस लागतात. मग तुझा बाप मला म्हणणार, तुझ्यामुळे पडला. चाळीस वर्षांत कुणी कुणाला म्हणालेलं नाही."

"एकदा म्हणाला होतास," बाबा म्हणाला.

"तेव्हा खरंच तुझ्यामुळे पडला होता."

मोजणं थांबवणं मला जमलं नाही. पण एकदा चेंडू उंच गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि तो खाली येईपर्यंत आकडा निसटला. नंतर किती झाले मला ठाऊक नाही. बाबा माझ्या अगदी समोरून धावत गेला आणि आडवा झाला. त्याचा चेहरा हातभर अंतरावरून माझ्यासमोरून गेला, हवेतून. मी तो नीट पाहिला. त्यावर आनंद शोधला तर तोही तिथे नव्हता. काहीच नव्हतं. डोळे चेंडूवर, तोंड अर्धवट उघडं, रिकामा, लखलखीत चेहरा, झोपलेल्या बाळाचा असतो तसा. आनंद आला तो पडल्यावर, पाणी थुंकताना. म्हणजे बसमधून मी पाहिला तो सुखाचा शेवट होता. सुख त्याच्या अलीकडे कुठेतरी होतं, जिथे तो स्वतःही नव्हता. एवढं माझ्या मनात येतंय तोवर चेंडू माझ्याकडे आला, मी वाकले, चुकले, आणि बसले. पाण्यात, पूर्ण. डोक्यावरून पाणी उडालं आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी जुलैपासून ऐकला नव्हता. सगळे हसत होते. मी पण.

मग आम्ही दोघं भिंतीवर बसलो. त्याने त्याचा टॉवेल मला दिला आणि स्वतः शर्टाने अंग पुसलं. त्याचे ओठ जांभळे झाले होते.

"पेरिनाने पाठवलंय," तो म्हणाला.

"हो."

"मग सांग." तो बोटांकडे बघत होता. "थांबतो मी. तू म्हणालीस तर आत्ता."

शब्द तयार होता. त्याऐवजी मी विचारलं, "तिथे असताना तुला आई आठवते?"

मला वाटलं तो हो म्हणेल. हो म्हणाला असता तर सगळं सोपं झालं असतं. मावशीलाही सांगता आलं असतं. तो विचार करत राहिला, यंत्र वाचताना मी करते तसा, घाई न करता.

"नाही," तो म्हणाला. "तिथे नाही आठवत. बाहेर आल्यावर आठवते. इथे बसलो की पहिलं तेच." त्याने नाक पुसलं. "पहिल्या दिवशी मीही घाबरलो. तासभर ती नव्हतीच डोक्यात. वाटलं, संपलं, विसरलो मी हिला. मग इथे आलो, कपडे चढवले, आणि बटण लागेना हाताला, थंडीने. ती लावायची ना. पंधरा मिनिटं बसलो बटण धरून. तेव्हा म्हटलं, नाही, आहे. कुठे जात नाही ती." त्याने शर्ट अंगात चढवला. "तुला आधी सांगायला हवं होतं. लाज वाटत होती."

"मलाही तसं झालं," मी म्हटलं. "चार तारखेला. कामावर."

"काय झालं?"

"दोन तास. आलेख चांगला आला होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला काही आलेख समजत नाही, पण त्याने मान हलवली, एखाद्याने आपल्याच गावचं नाव सांगावं तशी. मी त्याच्या शर्टाची बटणं लावली. माझी बोटं त्याच्यापेक्षा बरी होती असं नाही. तीन लागली, एक चुकीच्या काजात. मला भूक लागली होती, जोरात, पोटात मूठ आवळल्यासारखी. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली सोपार्निक काढली, चर्चच्या कोपऱ्यावरच्या बाईकडची, पालेभाजी आणि लसूण भरलेली, चौकोनी तुकडे केलेली, आणि आम्ही ओल्या हातांनी खात असताना पायऱ्यांवर पेरिनामावशी उभी होती.

ती किती वेळ उभी होती ठाऊक नाही. हातात बाजाराची पिशवी, अंगावर काळा कोट, डोक्याला काळा रुमाल घट्ट. तिने आधी बाबाकडे पाहिलं. मग माझ्या दुमडलेल्या विजारीकडे, अनवाणी लाल पायांकडे, केसांतून कानावर गळणाऱ्या पाण्याकडे.

"तू सांगायला आली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"सांगितलंस?"

"नाही." तोंडात घास होता, मी तो गिळला. "आणि सांगणार नाही, मावशी. मीही होते पाण्यात."

बाबा उठू लागला. "पेरिना, तिला काही बोलू नकोस, मी..."

"तू बस. तुला कुणी विचारलंय?" ती पायऱ्या उतरून माझ्यापुढे आली. मला वाटलं थोबाडीत बसणार. तिने पिशवी बाबाच्या मांडीवर आदळली, हनुवटीखालची गाठ सोडली आणि डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. तिचे केस मी उजेडात कधी पाहिले होते आठवत नाही. पांढरे होते, विरळ, वर्षानुवर्षं दाबले जाऊन चपटे झालेले, एका बाजूला अजून थोडे तपकिरी. रुमाल तिने माझ्या डोक्याला लावला आणि खसाखसा पुसायला लागली, मग तोच गच्च आवळून बांधला, इतका की कान दुखले. तिच्या हातांना कापूर आणि लिंबू दोन्हीचा वास होता.

"वाऱ्यात ओल्या केसांनी बसतात," ती म्हणाली. "कातित्साचंही हेच. किती वेळा सांगितलं." ती पुढे काहीतरी म्हणणार होती, पण गाठ मारून झाली होती आणि हातांना काम उरलं नव्हतं.

पाण्यातून बेपोने हाक मारली, "पेरिना, अजून एक जागा आहे."

"त्या जागेत तू बुड," ती म्हणाली.

पण ती गेली नाही. तिने भिंतीवरची वाळू हाताने झाडली आणि बाबापासून दोन वीत अंतर ठेवून बसली, पाठ ताठ, तोंड समुद्राकडे. बाबाने कागद पुढे केला. तिने त्याच्याकडे न बघता एक तुकडा उचलला, कडेची जळकी कड मोडून टाकली आणि खाऊ लागली. खाली चौघं पुन्हा गोलात उभे राहिले होते. तिघंच उरले म्हणून वाटेवरच्या एका पोरसवद्या पर्यटकाला त्यांनी आत ओढलं होतं. वारा वाढला होता. मावशीचे केस त्यात उभे राहत होते, कपाळावर येत होते, तोंडात जात होते, आणि ती ते एका हाताने बाजूला करत होती, धरून ठेवत नव्हती.